एका शब्दाएवढी खिडकी

आमचे घरमालक वर्तमानपत्र शेवटून वाचत असत. शेवटच्या पानापासून वाचणारे पुष्कळ असतात, क्रिकेटचा नाद असला की माणूस तसंच करतो. काका शेवटच्या शब्दापासून वाचत. पडवीतल्या बाकावर पेपर पसरायचा, हातात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा. तुकड्याच्या मधोमध ब्लेडने कापलेली एका शब्दाएवढी खिडकी. ती ओळीच्या उजव्या टोकाला ठेवायची आणि एकेक शब्द डावीकडे सरकत जायचं. ओळ संपली की तिच्या वरची ओळ. पहिलं पान संपायला तासभर लागे.

मी शहापुरात त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच रविवारी ओळख वाढवावी म्हणून विचारलं, "काय काका, काय म्हणतोय पेपर?"

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा काय?"

"चुका. पयल्या पानावर."

"आणि बातमी?"

"ती मी नाय वाचली."

मला वाटलं, म्हातारा नव्या मास्तराची फिरकी घेतोय. पुढे सात वर्षं मी त्या घरात काढली आणि खात्री झाली, की फिरकी घेणं हा त्यांच्या स्वभावातच नव्हता. मुंबईतल्या एका छापखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासली होती. त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हजारो पानं डोळ्यांखालून घातली आणि त्यातल्या एकाचाही मजकूर त्यांना सांगता येत नसे. काका आता नाहीत. पण त्यांची गोष्ट सांगायची म्हणजे मला माझीही सांगावी लागते, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लाज वाटत होती.

काका मूळचे मुरबाडकडचे, भातशेतीवाल्या घरातले. बोलणं अगदी गावचं, नाय आणि हाय आणि इसरलो. छापलेल्या मजकुरात ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर त्यांना घास गिळवत नसे आणि तोंडाने मात्र एक वाक्य ते पुस्तकासारखं बोलत नसत. मी मास्तर असल्यामुळे मला हे खुपायचं. एकदा बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "कागद मालकाचा, तोंड आयचं. मला ठेवलेला मालकाच्या चुका काढायला. आयच्या कशाला काढू?" त्यानंतर मी वर्गात मुलांच्या बोलण्याला हसणं सोडलं. पुढे मला अपघात झाला, पण एवढं एक तर त्यांनी मला त्याच्या आधीच शिकवलं होतं.

चुका काढायची खोड घरातही होती. काकू टोकावड्याच्या. लग्नानंतर पहिली दोन वर्षं काका छापखान्याच्या खोलीवर राहत आणि काकू गावी. नवी नवरी, चौथीपर्यंत शिकलेली, जिवाचा आटापिटा करून पत्र लिही. ते आठ दिवसांनी परत येई, सगळीकडे लाल खुणा केलेलं. हे काकूंनीच मला सांगितलं, भाकऱ्या थापता थापता, हसत. "तीन पत्रा अशी आली. चवथ्याला मला आला राग. कोरा कागद घडी घालून पाठवला. म्हटला, आता काढ चूक."

"मग?"

"परत आला. वर लाल शाईनं लिवलेला, 'तारीख राहिली.'"

काका पडवीतून ओरडले, "राह्यलीच व्हती गो!"

खिडकीचे पुठ्ठे लग्नपत्रिकांचे असत. शहापूरच्या बाजारातले छापखानेवाले पत्रिकेचा कच्चा नमुना काकांकडे आणून टाकायचे. काका तपासून द्यायचे आणि पत्रिका छापून झाली की तिचा पुठ्ठा मागून घ्यायचे. त्यांच्या हातून गेलेल्या पत्रिकेत काना-मात्रेची चूक सापडली असं कधी झालं नाही. झालं ते निराळंच. एका पत्रिकेत मजकूर जुळवताना दोन ओळींची अदलाबदल झाली. नवऱ्यामुलाची ओळ खाली गेली आणि निमंत्रक म्हणून आजोबांची ओळ वर आली. काकांनी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत एकेक अक्षर पारखलं, खाली सही केली, आणि चारशे घरांत आमंत्रण गेलं की ऐंशी वर्षांच्या आजोबांचा शुभविवाह योजिला असून त्यांच्या नातवाने सर्वांना अगत्याने बोलावलं आहे.

गावभर हसू झालं. नवरीकडची माणसं भांडायला आली. आजोबांनी मात्र एक पत्रिका फ्रेम करून घेतली असं म्हणतात. काकांना लोक विचारायचे, "अहो, तुम्हाला दिसलं कसं नाही?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "शब्द सगळे चोख व्हते." ते खरंच होतं. त्यांना त्या हसण्यात सामील होता येत नसे, कारण विनोद वाक्यात होता आणि वाक्य त्यांनी वाचलंच नव्हतं.

मी एकदा न राहवून विचारलं, की माणूस सरळ वाचूनसुद्धा चुका काढू शकतो, मग हा उलटा कारभार कशाला? तेव्हा ते पहिल्यांदा धंद्याबद्दल भरभरून बोलले.

"मास्तर, मन आगाऊ हाय. डोळा चालतो, मन धावतं. चार शब्द वाचले का पाचवा ते आपणच बसवतं. मग पाचव्यात चूक आसली तरी दिसंल कशी? तिथं तर आपला आपण बसवलेला शब्द दिसतो." म्हणून त्यांनी मनाची धाव बंद केली होती. उलटीकडून गेलं की पुढचा शब्द ओळखता येत नाही. खिडकीतून पाहिलं की शेजारचा दिसत नाही. सुरुवातीला सहा महिने डोकं दुखलं, मग सवय झाली, आणि मग ती सवय सुटेना. गोष्टीचं पुस्तक घेतलं तरी शब्दच दिसायचे, गोष्ट दिसायची नाही. "ह्याला मी नोकरीचा रोग म्हणतो," ते म्हणाले. कुणाला मधुमेह असावा तितक्या सहज म्हणाले.

छापखान्यात तपासणी दोघांनी व्हायची. कॉपी होल्डर नावाचा माणूस समोर बसून मूळ कागद मोठ्याने वाचणार आणि काका छापलेल्यावर नजर ठेवणार. समोरचा माणूस वाचताना त्याचे डोळे काकांना दिसत. अठ्ठावीस वर्षं समोरच्याचे डोळे पाहिल्यावर त्यांना एक गोष्ट कळली होती. वाचणाऱ्याचा डोळा सरळ चालत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. आणि मध्येच कुठेतरी मागे येतो. "मागं कदी येतो माहीत हाय? मनानं पैज लावलेली आसती, का आता आसा शब्द येणार. तो नाय आला का पैज हारली. मग डोळा मागं पळतो, बघायला का आपला कुठं चुकला." काकांनी एक वही ठेवली होती. ज्या वाक्यात समोरच्याचा डोळा मागे फिरला ते वाक्य उतरवायचं आणि फिरला तिथे छोटा बाण काढायचा. एकदा त्यांनी धीर करून एका लेखकाला सांगितलं, "साहेब, तुमच्या ह्या वाक्यात माणसाला तीनदा मागं यायला लागतं." लेखक म्हणाला, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. वही तिथेच थांबली.

ही सगळी म्हाताऱ्या माणसाची गंमत म्हणून मी ऐकत होतो. मग फेब्रुवारीत माझी मोटारसायकल पडली.

माझी शाळा डोळखांबच्या पुढे, जंगलातल्या एका पाड्यावर. दोन शिक्षक, वीसेक मुलं. शहापुराहून रोज गाडीने जायचो. त्या दिवशी वळणावर वासरू आडवं आलं. हेल्मेट होतं, पण ते हँडलला अडकवलेलं. डोक्याला डावीकडे मार लागला. कल्याणच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस काढून घरी आलो. बोलता येत होतं, चालता येत होतं, बायकोला ओळखत होतो. सगळे म्हणाले, मास्तर थोडक्यात वाचले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी पेपर उचलला. प्रत्येक शब्द ओळखीचा होता. पण ते शब्द एकमेकांना धरून बसेनात. 'बिबट्याने शेळी उचलली' हे कळलं, कारण शेळी काही बिबट्याला उचलत नाही. त्याच्या खाली बातमी होती, सरपंचांना उपसरपंचांनी सभेतून बाहेर काढल्याची. ती मी वीस वेळा वाचली. दोन माणसं होती, सभा होती, बाहेर काढणं होतं. कोणी कोणाला काढलं ते कळेना. मी मास्तर होतो. सोळा वर्षं मुलांना वाचायला शिकवून पोट भरलेला माणूस. रजा संपून जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि मी फळ्यापुढे उभा राहून काय करणार होतो?

मी कुणालाच सांगितलं नाही. बोलताना निभून जायचं, कारण माणसं छोटं छोटं बोलतात आणि तोंडावरून बरंचसं कळतं. डॉक्टरांनी डोळे मिटा, हात वर करा असं सांगितलं, ते मी केलं. घरी रोज सकाळी पडवीत पेपर घेऊन बसायचो, पानं उलटायचो, बायकोला वाटायचं यांचं वाचन सुरू झालं. नोकरी गेली तर काय, या विचाराने मला झोप लागत नसे आणि ते सांगायची हिंमतही होत नसे.

एका सकाळी काका समोरच्या बाकावर येऊन बसले. हातात पुठ्ठा नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. बराच वेळ. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुझा डोळा मागं येत नाय."

"म्हणजे?"

"नुसता पुढं चाललाय. सरळ. वाचणारा माणूस अडखळतो रे. तू कुठंच अडखळत नाय. तू वाचत नायस."

मी पेपर खाली ठेवला आणि रडलो. बायको आतून धावत आली. तिला तिथेच, काकांच्या देखत, पहिल्यांदा कळलं. मला आठवतं, काकांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. ते म्हणाले, "आधी डॉक्टरला सांग. त्याच्यापासून लपवून काय मिळणार?" आणि मग जरा वेळाने, "माझं वाक्य मी मुद्दाम घालवलं, तुझं पडून गेलं. दोघं मिळून शोधू."

डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले आणि मग समजावलं. शब्दांचं घर शाबूत आहे, शब्द ओवण्याची जागा दुखावली आहे. नेमाने सराव करा, मेंदू आडवाटेने का होईना रस्ता काढतो, पहिल्यासारखा धावेल असं वचन मात्र देत नाही. हॉस्पिटलात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सरावाचे काही कागद दिले. ते मी काकांच्या हवाली केले. काकांनी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कामाला लागले.

दुपारी जेवणं झाली की आम्ही पडवीत बसायचो. माळ्यावर काकांनी जुनी गॅली प्रुफं जपून ठेवली होती, लांबच लांब पट्ट्या, कुठल्या कुठल्या पुस्तकांच्या. एक पट्टी समोर घ्यायची. पुठ्ठा आता डावीकडून उजवीकडे सरकायचा. एक शब्द दिसला की काका थांबायचे आणि विचारायचे, "आता कोणाची वाट बघतंस?"

मला प्रश्नच कळेना. मग त्यांनी एसटी स्टँडचं उदाहरण दिलं. "आपल्या मराठीत बस शेवटाला येते. 'दिला', 'मारला', 'गेला', ही बस. तवर सगळं प्याशिंजर स्टँडवर थांबवून ठेवायला लागतात. कोण देणार, कोणाला देणार, काय देणार, सगळे उभे. चांगल्या माणसाचं मन त्यांना धरून ठेवतं आणि वर बघतं का कुठली बस येणार. तुझं प्याशिंजर बस यायच्या आधीच निघून जातात." खरोखर तसंच होत होतं. चौथा शब्द येईपर्यंत पहिला माझ्या हातून सुटलेला असे.

म्हणून एकेका शब्दाला थांबायचं. 'आईने.' कोणाची वाट बघतोस? आईने काहीतरी केलं असणार. 'मुलाला.' आता? दिलं, मारलं, भरवलं, हाक मारली. काकांचा आग्रह असे की पैज मोठ्याने लावायची. माझ्याकडून पैज लागतच नव्हती. शब्द वाचायचो आणि पुढे नुसता पांढरा कागद. मार्च गेला. एप्रिल अर्धा गेला. काकू येता-जाता म्हणायच्या, "मास्तराला जरा हवा खाऊ द्या, नुसतं शब्द खायला घालताय." मी चिडायचो, पुठ्ठा फेकायचो. काका तो उचलून परत पट्टीवर ठेवायचे, त्याच शब्दावर.

ती दुपार मला पक्की आठवते. पट्टी कुठल्याशा गोष्टीची होती. 'विहिरीवर.' पुढे. 'पाणी.' पुढे. 'भरायला.' पुढे. 'गेलेल्या.' पुढे. 'बाईला.'

"आता कोणाची वाट बघतंस?"

"साप!" मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. कुणी विचार करायला वेळच दिला नव्हता, साप आपोआप आला होता. काकांनी पुठ्ठा सरकवला. खिडकीत शब्द आला, 'मुकादमाने'. माझे डोळे उडी मारून मागे गेले, पुठ्ठ्याखाली झाकलेल्या बाईकडे, विहिरीकडे.

"चुकलास!" काका ओरडले. "चुकलास रे मास्तर! गो, ऐकलंस का, चुकला हा!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वाटलं काहीतरी सांडलं. काका उभे राहून माझी पाठ थोपटत होते आणि परत परत सांगत होते की चुकला, डोळा मागं गेला. आयुष्यभर चुकांवर लाल खूण करत आलेला हा माणूस एका चुकीसाठी इतका आनंदलेला मी पाहिला, आणि मला जे बरं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही. काकूंनी त्या दिवशी दुपारीच तांदळाची खीर केली.

जूनमध्ये मी हजर झालो. डॉक्टरांनी सराव चालू ठेवण्याच्या अटीवर कामावर जाण्याचा कागद दिला. शाळेतल्या माझ्या जोडीच्या बाईंकडून मी पहिली-दुसरी मागून घेतली. 'कमळ बघ', 'छगन पळ' एवढी वाक्यं माझ्या आवाक्यातली होती. लांब वाक्य अजूनही खिडकीशिवाय जमत नव्हतं. ते मी बाईंपासून लपवलं, पालकांपासून लपवलं. पाड्यावर माझ्या आधी कोणी मास्तर इतकी वर्षं टिकला नव्हता. तिथल्या लोकांचे सगळे कागद, रेशनचे, जातीच्या दाखल्याचे, मीच वाचून देत आलो होतो. आता कोणी कागद आणला की मी म्हणायचो, ठेवा, उद्या सांगतो, आणि तो काकांकडे न्यायचो.

जुलैच्या शेवटी शाळेत वरच्या कार्यालयाचं एक पत्र आलं. लावणीचे दिवस, पाड्यावर चिटपाखरू नाही. बाईंनी पत्र वाचलं, पोच दिली, फाइलला लावलं. पालकांच्या समितीच्या अध्यक्षांनी बांधावरच हात धुऊन सही केली. वरून आलेले साहेब म्हणाले, नेहमीचंच आहे, माहितीसाठी. पटसंख्येबद्दल काहीतरी आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. मी त्याची झेरॉक्स घेतली ती केवळ काका म्हणायचे म्हणून. सरकारी पत्रासारखा सराव दुसऱ्या कशाने होत नाही, असं त्यांचं मत होतं.

अख्ख्या पत्रात एकच वाक्य होतं, सात ओळींचं. रविवारी सकाळी आम्ही बसलो. 'उपरोक्त.' 'विषयान्वये.' काका प्रत्येक शब्दाला थांबवत होते आणि मी पैजा लावत होतो. पटसंख्या कमी आहे, ते कळलं. नजीकच्या शाळेत समायोजन, म्हणजे मुलं तिकडे पाठवायची, ते कळायला चहा झाला. समितीने आपलं म्हणणं पंधरा दिवसांत कळवावं, ते कळलं. मला वाटलं संपलं. अशी पत्रं 'ही विनंती' वर संपतात, सगळ्यांनाच ते पाठ असतं. पण पुठ्ठ्याच्या खाली अजून दीड ओळ होती.

'अन्यथा.'

"कोणाची वाट बघतंस?"

"कारवाई करण्यात येईल," मी म्हणालो.

'समितीची.' मी पैज हरलो. 'सदर.' 'प्रस्तावास.' 'संमती.' 'आहे.' 'असे.' 'गृहीत.' 'धरण्यात.' 'येईल.'

मी खिडकी उचलून पुन्हा पहिल्यापासून गेलो. मग तिसऱ्यांदा. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता. जे पत्र तीन माणसांच्या हातून तसंच निघून गेलं, ते या फुटक्या डोक्याला कसं कळलं? काकांनाही वाक्य म्हणून ते सांगता येत नव्हतं, त्यांना शब्द दिसत होते. शेवटी मीच त्यांना सोप्या मराठीत सांगितलं. पंधरा दिवस गप्प राहिलो तर शाळा बंद करायला पालकांचा होकार आहे असं धरतील. तारीख पाहिली. अकरा दिवस गेले होते.

आमच्या पाड्यापासून पुढची शाळा ओढ्यापलीकडे, जंगलातून तासाभराची वाट. पावसाळ्यात ओढा भरला की मोठी माणसंही जात नाहीत. पहिलीची पोरं घरी बसली असती. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली असती आणि मग वाचायला शिकवायला कोणी उरलंच नसतं.

"मास्तर," काका म्हणाले, "बाकीचे धावत वाचले. तुला धावता येत नाय म्हणून तू पोचलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर जायच्या आधी सगळ्यांना शाळेत बोलावलं. काका माझ्याबरोबर जीपने आले. ते म्हणाले, तपासणी एकट्याने करायची नसते, एकाने वाचायचं, दुसऱ्याने नजर ठेवायची. मी वाचणार होतो. शाळेच्या ओट्यावर चाळीसेक माणसं बसली, चिखलाच्या पायांनी. बाई बाजूला उभ्या. मी पत्र हातात घेतलं आणि खिशातला पुठ्ठा काढला. हा पुठ्ठा लावून मी वाचलं की सगळ्यांना कळणार होतं. उद्या कोणी म्हणालं असतं, ज्याला वाचता येत नाही तो मास्तर कशाला.

मी काकांकडे पाहिलं. ते झेरॉक्सवर बोट ठेवून तयार बसले होते.

"मला आता एका दमात वाक्य कळत नाही," मी म्हणालो. "डोक्याला लागलं तेव्हापासून. एकेक शब्द थांबून वाचावा लागतो. वेळ लागेल."

मग माझ्या वर्गातल्या दोन पोरींची आजी, पुढेच बसली होती, ती म्हणाली, "हळू वाच, गुरुजी. धावायचा कुठं हाय? आमाला पन येकेकच शबुद उमजतो."

एक-दोन जण हसले, सगळे सावरून बसले, आणि मी वाचलं. प्रत्येक शब्दाला थांबून, त्याचा अर्थ सांगून, पुढे काय येईल असं लोकांनाच विचारत. 'अन्यथा' आल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आता दंड सांगतील." पुढचे शब्द एकामागून एक आले तसतसं त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी बांधावर केलेली सही त्यांना आठवली असावी. "आमी बोललोच नाय तर हो म्हनलो आसा?" ते म्हणाले. "आसा कोन म्हनतो?" मग एकदम गलका झाला.

शाळा आजही चालू आहे हे सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. मला कोणी काढलं नाही. बाईंनी त्या दिवसापासून लांब कागद स्वतः मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, न सांगता. पण मला सांगायचंय ते त्या ओट्यावरचं.

हरकतीचा अर्ज मी तिथेच लिहिला. लोक एकेक गोष्ट सांगत होते, मी उतरवत होतो. ओढ्यात दोन वर्षांपूर्वी वाहून जाता जाता राहिलेल्या पोराचं त्याच्या बापाने सांगितलं, तेही लिहिलं. आजी म्हणाली, "लिव, का माझ्या नातीनं माझं नाव लिवून दावलं मला. घरात पयल्यानं कोनी माझं नाव लिवलं." सरकारी अर्जात असं लिहीत नाहीत. मी लिहिलं. दोन पानं झाली. सह्या झाल्या, अंगठे झाले. मग मी तो अर्ज, पाठवायच्या आधी, काकांकडे दिला. तपासायला.

काका भिंतीला टेकून वाचत बसले. फार वेळ लागला त्यांना. एकदा त्यांनी पान उलटलं आणि परत मागच्या पानावर गेले. मग अर्ज घडी घालून त्यांनी अध्यक्षांच्या हातात दिला आणि अध्यक्ष तो घेऊन तसेच मोटारसायकलवर बसून तालुक्याला गेले.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. काका बाहेर बघत होते, लावणी झालेल्या शेतांकडे. मला वाटलं दमले. थोड्या वेळाने मी विचारलं, "काका, अर्जात किती निघाल्या?"

"काय किती?"

"चुका."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आधी घाबरल्यासारखे दिसले. मग ते हातातल्या रिकाम्या पिशवीशी चाळा करू लागले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघायच्या राह्यल्या रे," ते म्हणाले. "वाचतच गेलो."